टापूवरचा राजीनामा

आमच्या ह्यांना अजूनही काही लोक 'बिकाऊ फौजी' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पाठीमागे म्हणतात. बाजारात माझ्या कानावर आलं की मी पिशवी खाली ठेवून भांडते आणि हे माझा दंड धरून म्हणतात, "जाऊ दे माला." जाऊ दे, जाऊ दे! अख्खं आयुष्य ह्या माणसानं जाऊ दे म्हणण्यात घालवलं. म्हणून म्हटलं, आता मीच सांगते हा माणूस कोण आहे ते.

नाव कृष्णात पोवार, गाव भुदरगड तालुक्यात. अठराव्या वर्षी फौजेत गेले, सिग्नलमध्ये. बावीस वर्षं तारा ओढल्या, बॅटऱ्या चार्ज केल्या आणि एक्क्याण्णव साली हवालदार म्हणून दिल्ली कॅन्टमधून बाहेर पडले. आम्हाला मूलबाळ नाही. गावाकडे जायचं तर कुणासाठी? म्हणून गाझियाबादला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथंच राहिलो. हे स्वभावानं एकदम संथ. बूट पॉलिश करायला बसले तर अर्धा तास. एखादा स्क्रू काढला तर तो ठेवायला आधी डबी शोधणार, मग पुढचा स्क्रू. मी म्हणायची, "अहो, तुमच्याबरोबर लढाईत पलीकडचा माणूस झोपून जात असेल." हे नुसते हसायचे.

तेव्हा दिल्लीच्या आसपास सगळंच नवीन निघत होतं. रोज नवी कंपनी, नवा सेक्टर, नवं कोल्ड्रिंक. लिबरलायझेशन झालं म्हणे! आमच्या वाट्याला त्यातली एक कंपनी आली, सोलर पंप बसवणारी. सरकारी योजनेतून शेतकऱ्यांना पंप द्यायचे आणि ते चालवून दाखवायचे. बॅटरी आणि तारा कळणारा माणूस हवा होता, ह्यांना घेतलं. पंचाण्णव साली कंपनीनं ह्यांना टापूवर पाठवलं.

टापू म्हणजे नोएडाच्या अलीकडे यमुनेच्या दोन धारांमध्ये उरलेली वाळूची जमीन. नावेशिवाय जाता येत नाही. तिथं नऊ कुटुंबं काकडी, खरबूज, भोपळा, दोडका काढायची. जमीन त्यांच्या नावावर नव्हती, वर्षानुवर्षं कसत होते इतकंच. पाण्यासाठी डिझेलचं इंजिन होतं. डिझेलचे डबे डोक्यावर, मग नावेत, मग पुन्हा डोक्यावर. इंजिन रुसलं की सगळ्यांच्या वेली माना टाकायच्या.

कंपनीच्या इंजिनियरनं नकाशा दिला होता, त्यात पॅनेल जमिनीपासून दोन हातांवर होती. हे टापूवर आठ दिवस नुसते हिंडले. पूर कुठवर येतो, ते बायकांना विचारलं आणि सात फुटी लोखंडी पाइप उभे करून पॅनेल वर बसवली. पावसाळ्याआधी सगळं सोडवून नावेनं पलीकडच्या काठावर न्यायचं, पूर ओसरला की परत जोडायचं. इंजिनियर म्हणाला, "हवालदार साब, ये क्या मचान बना दिया?" ह्यांनी बटण दाबलं, पाणी आलं.

कोथिंबिरीचं श्रेय मात्र मी सोडणार नाही. दिल्लीच्या मे महिन्यात कोथिंबीर म्हणजे नुसत्या काड्या. एकदा ह्यांच्याबरोबर टापूवर गेले होते. ऊन असं की डोळे उघडवेनात. सगळ्या बायका पॅनेलच्या सावलीत बसल्या होत्या, मीही जाऊन बसले. खालची वाळू गार, ओलसर, पंपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, "अहो, बायका इथं टिकतायत तर कोथिंबीर का नाही टिकणार?" ह्यांनी दुसऱ्या दिवशी धने आणून टाकले. शेणखत आणि काठावरची माती आम्ही पाट्यांनी वाहिली. पंधरावीस दिवसांत अशी जुडी आली की विचारू नका! मग पालक लावला, मेथी लावली, वेलींची रोपंही तिथंच वाढवायला लागलो. वर वीज, खाली भाजी. भर उन्हाळ्यात हिरवी कोथिंबीर घेऊन टापूच्या बायका मंडीत जायच्या तेव्हा बाकीचे भाजीवाले टकमक बघायचे.

त्यातली रामरती सगळ्यांत हुशार. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण ह्यांनी तिला मीटरची सुई वाचायला शिकवली. सुई कुठं आली की पंप चालू करायचा, हे ती माझ्यापेक्षा आधी शिकली. पॅनेल दिवसातून तीन वेळा दोरीनं फिरवावी लागायची, सकाळी पूर्वेला, दुपारी मध्ये, नंतर पश्चिमेला. त्याची पाळी रामरती लावायची आणि चुकणाऱ्याला ठेवणीतल्या शिव्या द्यायची. ह्यांना सगळे 'फौजी साब' म्हणायचे. योजनेच्या नियमानं एक समिती करावी लागली, सही करणारा शिकलेला माणूस हवा म्हणून हेच सेक्रेटरी झाले. समितीच्या नावानं टापूचा दहा वर्षांचा पट्टा मिळाला. नऊ कुटुंबांच्या हातात पहिल्यांदा जमिनीचा कागद आला आणि त्या कागदावर सही माझ्या नवऱ्याची.

आता माझ्या भावाचं सांगते. विश्वनाथ. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, एकुलता. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता, पुढं मीच वाढवला. बी.कॉम. झाल्यावर नोकरीसाठी दिल्लीला आला तो आमच्याच दोन खोल्यांत तीन वर्षं राहिला. ह्यांना दाजी दाजी करत मागं फिरायचा. मग एका बिल्डरच्या ऑफिसात लागला. पेजर आला, टाय आला, बोलण्यात 'यार' आणि 'बेसिकली' आलं. काम काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "लायझन, ताई." मला वाटायचं, मोठी पोस्ट असेल.

सत्त्याण्णव साली एका कंपनीनं टापूवर दावा लावला. टापू आपला आहे, पट्टा चुकीचा आहे, असं काहीतरी. त्यांना तिथं क्लब करायचा होता, नावेतून ये-जा, काठावर हिरवळ. समितीच्या वतीनं हे तारखांना जायला लागले. तहसिलीत दिवसदिवस उभं राहायचं आणि पुढची तारीख घेऊन परत. ह्यांचं ब्लड प्रेशर वाढलं. मी वैतागले. ती कंपनी म्हणजे विश्वनाथच्याच मालकाची दुसरी पाटी, हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत!

अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट. यमुनेला पूर होता, टापू पाण्याखाली, कुटुंबं पलीकडच्या बांधावर ताडपत्रीखाली. एका रविवारी विश्वनाथनं आम्हाला कस्तुरबा गांधी मार्गावर जेवायला बोलावलं, आपल्या महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये. तिथं गेलं की आम्हाला घरी आल्यासारखं वाटायचं. आजूबाजूला सगळे मराठी बोलणारे, ताटात आमटी. विश्वनाथनं ह्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं. मग म्हणाला, "दाजी, एक सांगू? पेन्शनर माणूस कोर्टात पार्टी असला की पेन्शनची चौकशी लागते. आमच्या वकिलांनी सांगितलं. तुम्ही सेक्रेटरीपदाचा राजीनामा द्या. त्यांच्यातलाच कुणीतरी होईल सेक्रेटरी. केस चालूच राहील, टापूला काही होत नाही."

हे म्हणाले, "त्या लोकांना आधी विचारायला पाहिजे."

"ते आत्ता बांधावर चिखलात बसलेत, दाजी. पूर ओसरला की सांगा की. मी कागद टाइप करून आणलाय."

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "देऊन टाका हो एकदाचा राजीनामा! तुमचं ब्लड प्रेशर बघवत नाही मला." हे माझे शब्द आहेत. मी ते झाकणार नाही.

कागद तीन पानी, कोर्टाच्या हिंदीत. ह्यांना हिंदी येतं, पण ते फौजेचं हिंदी. इथं सगळं फरीक दोयम, दस्तबरदार, मिनजानिब. वर मोठ्या अक्षरात 'राजीनामा', खाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, समितीचं नाव. हे म्हणाले, "विश्वनाथ, हे दस्तबरदार म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "पदावरून बाजूला होणारा, दाजी. कोर्टाची भाषा आहे, जुनी." ह्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण नीट मागं लावलं आणि तिन्ही पानांवर सही केली. फौजेत राजीनामा कुणी देत नाही, मुदत संपली की डिस्चार्ज मिळतो. "आयुष्यात पहिल्यांदाच राजीनामा देतोय," असं म्हणून हे हसले. तिघंही हसलो. मग श्रीखंड खाल्लं.

ऑक्टोबरात पूर ओसरला. नवीन सेक्रेटरी कोण ते नऊ घरांनी ठरवावं, असं ह्यांनी सांगून टाकलं. पण "आता घडी बसेपर्यंत तुम्हीच बघा" असं ते म्हणाले आणि ते तसंच राहिलं. नोव्हेंबरात पॅनेल परत जोडली, खड्डे घेतले, खत भरलं. बी टाकायच्या आठवड्यात तहसिलीची माणसं पोलीस घेऊन नावेतून आली. आम्ही दोघंही त्या दिवशी तिथंच होतो. कारकुनानं कागद उघडला आणि मोठ्यानं सांगितलं, "तुम्हारे सेक्रेटरी ने राज़ीनामा कर लिया है। मुक़दमा ख़त्म। समिति ने अपनी मर्ज़ी से पट्टा छोड़ दिया। पंद्रह दिन में टापू ख़ाली करो।"

मला कळेना हा काय बडबडतोय. ह्यांनाही कळेना. रामरती ह्यांच्याकडे वळली. "फौजी साब, आपने राज़ीनामा किया?"

आणि हे खरं बोलणारे बाबा, सगळ्यांसमोर म्हणाले, "हाँ, राजीनामा तो मैंने दिया है।"

संपलं की हो तिथंच! हिंदीत राज़ीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही पक्ष राजी झाले, भांडण मिटलं, असा कागद. दस्तबरदार म्हणजे हक्क सोडून देणारा. आपण ज्याला राजीनामा म्हणतो त्याला ते इस्तीफा म्हणतात. इतकी वर्षं मी दिल्लीत आणि ह्या भागात काढली, भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घातली, पण हा शब्द कधी आडवा आला नव्हता. हे परत परत सांगत होते, "मैंने सिर्फ राजीनामा दिया, सेक्रेटरी का राजीनामा," आणि दर खेपेला समोरच्यांना ऐकू येत होतं की हो, मी तडजोड केली, मी सेक्रेटरी म्हणून तडजोड केली. पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, आम्ही वाळूवरच उभे होतो.

शेवटी ह्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "हमारी भाषा में इसका मतलब इस्तीफा होता है।" कुणीतरी फिदीफिदी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "ऐसी कौन-सी भाषा है जिसमें राज़ी होने का मतलब छोड़ना होता है?" रामरतीनं त्याला थांबवलं. तिला ह्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली, "कोई आपकी बोली वाला हो तो बुलाओ। वो कह दे तो हम मान लेंगे।" ह्यांनी लगेच सांगितलं, "मेरा साला है, काग़ज़ उसी ने टाइप किया, उसी को बुलाता हूँ।" ह्यांना अजूनही वाटत होतं की टाइप करताना काहीतरी चूक झाली असणार. विश्वनाथ येईल आणि सगळं मोकळं करेल.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. वाळू लागू नये म्हणून पॅन्ट वर धरून नावेतून उतरला. माझ्याकडे बघितलंच नाही. नऊ घरांतली माणसं पॅनेलच्या खाली बसली होती, मी बायकांत. रामरतीनं विचारलं, "बाबूजी, आपकी मराठी में राजीनामा का मतलब क्या है?"

विश्वनाथनं घसा साफ केला. "राज़ीनामा मतलब राज़ीनामा जी। समझौता। मराठी में भी वही है।"

"इस्तीफा नहीं?"

"बिल्कुल नहीं। दाजी ने सोच-समझ के साइन किया है।"

ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, ज्याला पाढे शिकवले, ज्याच्या तोंडात पहिले मराठी शब्द मी घातले, तो माझ्याच भाषेबद्दल माझ्यासमोर खोटं बोलत होता! परक्या माणसाला हे जमलंच नसतं. त्या कागदावर तो एक शब्द ठेवायला मराठी माणूसच लागला. केसानं गळा कापला मेल्यानं. मी उठले. तोंड उघडलं. तेवढ्यात ह्यांनी हात वर केला आणि मराठीत म्हणाले, "माला, गप."

मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी पंपाच्या कंपनीनं पॅनेल सोडवायला माणूस पाठवला. तो माणूस म्हणजे हेच. नोकरीच ती. नऊ घरांची मंडळी सामान बांधत होती आणि हे एकेक नट काढून डबीत टाकत होते, एकेक पॅनेल पुसून गोणपाटात गुंडाळत होते. एक बाई ह्यांच्या पायाशी थुंकली. ह्यांनी बूट बाजूला घेतला आणि पुढचा नट काढला. सावलीतली मेथी तशीच राहिली. घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाही?" तर भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. 'देऊन टाका' मीच म्हटलं होतं ना! एक वर्ष मी तेच पोटात घेऊन वावरले. विश्वनाथच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीची पत्रिका आली, ती मी चुलीत घातली असती, पण गॅस होता, म्हणून फाडून कचऱ्यात टाकली.

दोन हजार साल उजाडलं. जानेवारीत एका सकाळी दारात रामरती. अंगावर कुणाचं तरी जुनं स्वेटर. टापू सुटल्यावर ती नोएडाच्या एका सेक्टरमध्ये घरकामाला लागली होती. तिची मालकीण मैत्रेयी नावाची पुण्याची मुलगी, कॉम्प्युटरच्या कंपनीतली. एक दिवस ती मुलगी फोनवर आईशी बोलत होती आणि रामरतीच्या कानावर शब्द आला, "मी राजीनामा दिला." रामरतीनं भांडी तशीच टाकली. "मैडम, किसके साथ राज़ीनामा हुआ?" ती हसत सुटली. म्हणाली, अगं नाही, नोकरी सोडली, आमच्यात इस्तीफ्याला राजीनामा म्हणतात. रामरतीनं तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग सुट्टी मागितली आणि दोन बस बदलून, लोकांना विचारत विचारत आमच्याकडे आली.

ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. ह्यांना म्हणाली, "फौजी साब, आप सच बोले थे।"

ह्यांचा चेहरा मी काय सांगू! एक वर्षानं कुणीतरी ह्यांना खरं म्हटलं होतं. हे खुर्चीतून उठले, परत बसले, डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

मग तिनं विचारलं, "आपका साला झूठ बोला। आपको तो पता था। आप उसी वक़्त बोले क्यों नहीं? हम आपकी बात मानने को बैठे थे।"

हे खाली बघत म्हणाले, "इनका एक ही भाई है। सबके सामने उसको झूठा बोलता तो इनका मायका ख़त्म हो जाता।"

माझं माहेर! नऊ घरं एका बाजूला आणि माझं माहेर दुसऱ्या बाजूला, आणि ह्यांनी तोलून माझं माहेर उचललं. मला विचारलंत का हो? मी ओरडलेच, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझं माहेर राखायला? ते त्याच्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हाच संपलं होतं! ह्या बाईचं घर गेलं, आणि तुम्ही माझ्या नावावर गप्प बसलात?" एक वर्ष मी ह्यांना मान खाली घालून चहा दिला होता, माझी चूक म्हणून. आणि आता कळत होतं की भावानं फसवलं ते फसवलंच, पण नवऱ्यानंही माझ्या नावानं ह्या लोकांना बुडवलं आणि मला पत्ताही लागू दिला नाही. हे म्हणाले, "माला, तुला दुःख नको म्हणून..." मी म्हटलं, "पुरे!"

रामरतीला आमचं मराठी कळत नव्हतं, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. तिनं मला बोलू दिलं. थांबल्यावर मी तिला हिंदीत सगळं सांगितलं. माझा भाऊ खोटं बोलला, कागद त्यानंच आणला, सही माझ्यासमोर झाली, मी तिथं होते, मला त्या शब्दाचा मराठी अर्थ माहीत होता.

ती माझ्याकडे वळली. रागानं नाही.

"तो बहनजी," ती म्हणाली, "उस दिन आप भी तो वहीं बैठी थीं, हमारे बीच में। आप तो बोल सकती थीं।"

"ह्यांनी गप म्हटलं मला," मी म्हटलं. "इन्होंने चुप कराया।"

"और आप हो गईं?"

चहा उकळून उतू चालला होता. हे उठले नाहीत, मीही उठले नाही.

"हाँ," मी म्हटलं. "हो गई।"